चोर सोडून संन्याशाला फाशी? कॅन्डिडाच्या कात्र्यांचा अर्धशतकी खटला

इतिहास म्हटलं की आपल्याकडे गड, तह आणि सनावळ्या येतात. आजच्या भागात सनावळ्या आहेत, पण आरोपी आहे एक यीस्ट, आणि हत्यार म्हणजे तिनं पेशीबाहेर सोडलेलं एक एन्झाइम. गुन्हा याच हत्यारानं झाला का, हा प्रश्न १९६५ च्या आसपास उभा राहिला आणि त्याचं समाधानकारक उत्तर मिळायला २०१६ साल उजाडलं.

मी बी.टेक. कॉम्प्युटरवाला. दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो, आणि बायोलॉजी माझी बारावीलाच सुटली. पण या विषयावरचे जुने पेपर वाचत गेलो तसतसं मला वाटायला लागलं की ही एका प्रचंड लांबलेल्या डीबगिंगची गोष्ट आहे. म्हणून ती तशीच सांगणार आहे. बायोवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

आरोपीची ओळख

नाव कॅन्डिडा अल्बिकन्स. पावातल्या यीस्टची लांबची बहीण म्हणा. आपल्यापैकी कित्येकांच्या तोंडात आणि आतड्यात ती मुकाट्यानं राहते, आपल्याला पत्ताही नसतो. पण शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली किंवा अँटिबायोटिकमुळे शेजारचे जिवाणू मेले, की ती डोकं वर काढते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर येतो ना, त्यामागे बऱ्याचदा हीच असते. तोपर्यंत ठीक. पण आयसीयूतल्या किंवा केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ती शिरली, तर औषधं देऊनही अनेकांचा जीव वाचत नाही. त्यामुळे हिचं हत्यार कोणतं, हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. हत्यार कळलं तर ते बोथट करायचं औषध शोधता येईल, अशी सगळ्यांची आशा होती.

आता हत्याराविषयी. यीस्टच्या पेशीभोवती कडक भिंत असते. प्रथिनाचा अख्खा रेणू तिला आत घेता येत नाही. आपण घास आधी गिळतो आणि मग पचवतो. यीस्ट आधी पचवते आणि मग गिळते. त्यासाठी ती प्रथिनं कापणारी एन्झाइम्स बाहेर सोडते. या एन्झाइम्सना म्हणतात प्रोटिएज. आपण सोप्या भाषेत कात्री म्हणू. कात्री बाहेर प्रथिनाचे तुकडे करते, आणि ते तुकडे पेशी आत ओढते. पावाच्या यीस्टला हे फारसं जमत नाही; तिच्या बहुतेक कात्र्या घरातच, पेशीच्या आतल्या कप्प्यात असतात. कॅन्डिडा मात्र यात पटाईत.

१९६५: थाळीतलं वलय

फ्रिडरिश श्टाइब या जर्मन संशोधकानं १९६५ मध्ये दाखवलं की रक्तद्रवातली प्रथिनं हाच नायट्रोजनचा एकमेव स्रोत ठेवला, तरी कॅन्डिडा अल्बिकन्स मजेत वाढते. थाळीतल्या आगरमध्ये अल्ब्युमिन मिसळायचं आणि वर यीस्ट वाढवायची. जिथे जिथे ती वाढते, तिथे तिच्याभोवती प्रथिन खाऊन टाकल्याचं स्वच्छ वलय दिसतं.

जाता जाता एक गंमत. याच श्टाइबनं १९६२ मध्ये क्रिप्टोकॉकस नावाची दुसरी रोगकारक बुरशी ओळखायची युक्ती शोधली होती. कारळ्याच्या अर्काच्या आगरवर ती बुरशी तपकिरी होते. हो, तेच कारळे, ज्यांची आपण चटणी करतो! आजही प्रयोगशाळांमध्ये ते माध्यम वापरतात.

तर, वलय दिसलं. १९६८ मध्ये श्टाइब आणि सहकाऱ्यांनी ते एन्झाइम शुद्ध करून वेगळं काढलं. १९६९ मध्ये त्यानं प्रथिनं कापण्याची ताकद आणि रोग घडवण्याची ताकद यांचा संबंध मांडला. तर्क सरळ होता. आपलं शरीर प्रथिनांचं बनलेलं आहे, या यीस्टकडे प्रथिनं कापणारी कात्री आहे, म्हणजे ती आपल्या पेशी कापत आत शिरत असणार.

१९८० च्या दशकात पुरावे जमत गेले. इंग्लंडमध्ये फियोना मॅकडोनल्ड आणि फ्रँक ऑड्स यांनी १९८३ मध्ये कात्री नीट न बनवणारा एक म्युटन्ट उंदरांना टोचून पाहिला. तो मूळ यीस्टपेक्षा कमी घातक निघाला. अमेरिकेत १९८५ मध्ये क्वॉन-चुंग यांच्या गटानंही त्याच दिशेनं बोट दाखवलं. मात्र त्या काळी कॅन्डिडाचं एखादं जनुक नेमकं उचलून काढता येत नव्हतं. म्युटन्टमध्ये कात्रीबरोबर आणखी काय काय बिघडलंय, हे कोण सांगणार? प्रॉडक्शनमध्ये एकाच वेळी दहा बदल गेले आणि सर्व्हर पडला, तर दोष नक्की कुणाचा?

कात्री कधी काढायची, हे यीस्टला कसं कळतं?

इथे क्षणभर थांबू, कारण मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे.

ही कात्री म्हणजे अ‍ॅस्पार्टिक प्रोटिएज. आपल्या जठरातलं पेप्सिन त्याच घराण्यातलं. कॅन्डिडाच्या या कुटुंबाला ‘सॅप’ म्हणतात. त्यातली सॅप-२ सगळ्यात जास्त अभ्यासलेली. प्रथिन बनवून बाहेर फेकणं महागाचं काम आहे. तेच तुकडे शेजारची दुसरी पेशीही पळवू शकते. म्हणून यीस्ट गरज नसताना सॅप-२ काढत नाही.

तिचा हिशोब दोन अटींवर चालतो. पहिली अट अशी की अमोनियमसारखा सोपा नायट्रोजन जवळ नसावा. तो असेल तर ग्लन-३ आणि गॅट-१ हे दोन नियंत्रक गप्प बसतात. तो संपला की ते एसटीपी-१ नावाचं जनुक चालू करतात. दुसरी अट अशी की बाहेर प्रथिन असल्याची चाहूल लागावी. ती चाहूल लागते अमिनो आम्लांच्या थोड्याशा मात्रेवरून. पेशीच्या पडद्यावर एक सेन्सर बसलेला असतो. तोपर्यंत एसटीपी-१ चं प्रथिन पेशीत बनून पडलेलं असतं, पण त्याच्या डोक्याशी एक शेपटासारखा तुकडा जोडलेला असतो आणि त्यामुळे ते केंद्रकात जाऊ शकत नाही. सेन्सरला चाहूल लागली की एसएसवाय-५ नावाचं एन्झाइम तो तुकडा छाटतं. मोकळं झालेलं एसटीपी-१ केंद्रकात जातं आणि सॅप-२ चं जनुक सुरू करतं. सोबत तुकडे आत ओढणारे वाहतूकदारही तयार करायला सांगतं.

गंमत बघा. एसएसवाय-५ सुद्धा प्रोटिएजच आहे. म्हणजे बाहेरची कात्री काढायचा हुकूम आतल्या एका कात्रीच्या छाटणीतून निघतो. आमच्या भाषेत हे ‘अँड गेट’ झालं. दोन्ही अटी खऱ्या, तरच आउटपुट. हे सेन्सर आणि एसटीपी-१ चं नातं २००५ मध्ये मार्टिनेझ आणि युंगडाल यांनी कॅन्डिडात उलगडलं. पूर्ण साखळी २००८ मध्ये डाबस आणि मॉर्शहॉयझर यांनी जुळवली.

बनल्यावरही सॅप-२ लगेच धारदार नसते. नाहीतर ती स्वतःच्याच घरात कापाकापी करेल. तिच्या पुढे एक म्यान असतं, आणि बाहेर पडायच्या वाटेवर, गॉल्जी नावाच्या कप्प्यात, केक्स-२ नावाचं एन्झाइम ते म्यान उतरवतं. केक्स-२ हे नाव लक्षात ठेवा. ते शेवटी परत येणार आहे.

एक कात्री शोधायला गेले, दहा सापडल्या

१९८९ मध्ये पहिलं सॅप जनुक हाती लागलं. १९९१ मध्ये बर्नहार्ड ह्युबे यांच्या गटानं आणखी एक क्रम प्रसिद्ध केला. १९९३ आणि १९९४ मध्ये नवनवीन भावंडं सापडत गेली, आणि २००३ पर्यंत यादी दहावर पोहोचली, सॅप-१ ते सॅप-१०. पहिल्या तिघी आम्लधर्मी वातावरणात चांगल्या चालतात. चौथी ते सहावी उदासीन वातावरणाच्या जवळ, आणि यीस्ट लांब तंतूंच्या रूपात वाढते तेव्हा त्यांचं काम दिसतं. नववी आणि दहावी तर बाहेर सुटतच नाहीत, पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात.

आता डीबगिंग करणाऱ्याला घाम फुटणारच. एक फंक्शन बंद केलं, तरी त्याच्यासारखी नऊ चालू. त्यात ही यीस्ट द्विगुणित, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती. एक काढली तरी दुसरी काम करते. वर तिची जनुकीय भाषाही किंचित वेगळी. सीटीजी ही तीन अक्षरं बहुतेक सजीव ल्युसिन म्हणून वाचतात, ही मात्र बहुतांश वेळा सेरिन म्हणून वाचते! दुसरीकडचा कोड इथे आणून चालवला, तर चुपचाप चुकीचं आउटपुट मिळतं.

१९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन विद्यापीठात फॉन्झी आणि अर्विन यांनी यावर तोडगा काढला. युक्ती अशी होती. यूआरए-३ हे जनुक आधीच नसलेली यीस्ट घ्यायची. युरासिल दिलं नाही तर ती जगत नाही. मग ज्या जनुकाला काढायचंय, त्याच्या जागी यूआरए-३ बसवायचं. जी पेशी जगली, तिच्यात अदलाबदल झालेली आहे. मग यूआरए-३ काढून घ्यायचं आणि दुसऱ्या प्रतीसाठी तेच पुन्हा करायचं. पद्धत इतकी सोयीची होती की जगभर तीच रूढ झाली.

तिच्याच जोरावर १९९७ मध्ये दोन महत्त्वाचे निष्कर्ष आले. सॅप-१, सॅप-२ किंवा सॅप-३ काढली तर यीस्ट प्राण्यांमध्ये कमी घातक होते. चार ते सहा या तिन्ही एकदम काढल्या, तरी तेच. आरोप सिद्ध झाल्यासारखा वाटला.

औषधाची आशा

त्याच सुमाराला बाहेरून एक जबरदस्त योगायोग आला. एचआयव्ही विषाणूलाही स्वतःची कात्री असते, आणि तीही अ‍ॅस्पार्टिक घराण्यातली. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत सॅक्विनाविर मंजूर झालं, मार्च १९९६ मध्ये रिटोनाविर आणि इंडिनाविर. ही औषधं विषाणूची कात्री अडकवतात. एड्सच्या रुग्णांमध्ये तोंडातला कॅन्डिडा हा फार त्रासदायक आजार होता, आणि नव्या औषधांनंतर तो झपाट्यानं कमी झाला. याचं मोठं कारण म्हणजे विषाणू दबला आणि प्रतिकारशक्ती परतली. पण हीच औषधं कॅन्डिडाच्या कात्रीलाही अडकवत असतील का? १९९९ मध्ये इटलीत कासोने यांच्या गटानं आणि इतरांनीही प्रयोगशाळेत दाखवलं की हो, अडकवतात. फक्त त्यासाठी मात्रा एचआयव्हीच्या कात्रीपेक्षा खूपच जास्त लागते. औषध म्हणून ते पुढे सरकलं नाही, पण सॅपवरचा संशय आणखी पक्का झाला.

साक्षीदारच फितूर

आणि इथे खटला उलटला.

१९९८ मध्येच एका गटानं सावध केलं होतं. यूआरए-३ जनुक गुणसूत्रावर कुठे बसवलंय, त्यावरून ते किती जोरात चालतं हे बदलतं. चुकीच्या जागी बसलं तर कमी चालतं, आणि युरासिलची तंगी झाली की यीस्ट उंदराच्या शरीरात आपोआपच कमजोर पडते. म्हणजे एखादं जनुक काढल्यामुळे यीस्ट सौम्य झाली, की तिथे ठेवलेल्या खुणेच्या जनुकामुळे? पुढच्या काही वर्षांत हा धोका खरा असल्याचं पक्कं झालं, आणि जुन्या पद्धतीनं निघालेल्या कित्येक निष्कर्षांवर प्रश्नचिन्ह लागलं.

आमच्याकडे असा प्रकार नेहमी भेटतो. बग पकडायला लॉगिंग चालू करा, आणि लॉगिंगमुळेच प्रोग्रामचा वेग बदलून बग गायब होतो किंवा नवाच उभा राहतो. बघायचं साधन बघितल्या जाणाऱ्या गोष्टीत ढवळाढवळ करतं. फरक इतकाच की आमच्याकडे हे तासाभरात कळतं. इथे एका उत्तरासाठी महिनोन्महिने लागतात, आणि प्रत्येक प्रयोगात प्राण्यांचे जीव जातात.

मग जर्मनीत वुर्झबुर्गला मॉर्शहॉयझर यांच्या प्रयोगशाळेनं दुसरी पद्धत बनवली. तिच्यात एका अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक खूण म्हणून वापरायचं, आणि काम झालं की तेही साफ काढून टाकायचं. २००८ मध्ये लेरमन आणि मॉर्शहॉयझर यांनी या पद्धतीनं सॅप काढलेल्या यीस्ट प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचापटलावर सोडल्या. पेपरच्या शीर्षकातच निकाल होता. आत शिरण्यासाठी सॅप आवश्यक नाहीत. २०१० मध्ये उंदरांच्या रक्तातल्या संसर्गावर काम झालं, आणि तिथेही सॅप-१ ते ६ यांची भूमिका मर्यादित निघाली.

चाळीस वर्षं ज्याच्यावर संशय होता, तो आरोपी जवळजवळ सुटला. मग पेशी फाडत कोण होतं?

काखेत कळसा

उत्तराचे दोन्ही धागे जुनेच होते.

पहिला धागा केक्स-२. १९६३ मध्ये बेव्हन आणि मेकोवर यांनी पावाच्या यीस्टचे काही ‘किलर’ वाण शोधले. ते एक विष सोडतात आणि शेजारच्या यीस्टला मारतात. १९७६ मध्ये विकनर आणि लायबोविट्झ यांनी हे विष बनायला लागणारी दोन जनुकं ओळखली, केक्स-१ आणि केक्स-२. केक्स म्हणजे ‘किलर एक्स्प्रेशन’ याचं लघुरूप. १९८४ मध्ये थॉर्नर यांच्या गटानं उलगडलं की केक्स-२ लांब प्रथिनातल्या लायसिन-आर्जिनिन या जोडीनंतर काप घेतं आणि त्यातून कामाचा तुकडा मोकळा होतो. पुढे माणसातही याची भावंडं सापडली. इन्सुलिन त्याच्या लांब कच्च्या रूपातून मोकळं करणारी एन्झाइम्स याच घराण्यातली. आणि फ्युरिन, ज्याचं नाव आपण सगळ्यांनी कोविडच्या काळात ऐकलं, तेही.

दुसरा धागा ईसीई-१ नावाचं जनुक. १९९३ मध्ये, अर्व्हाइनमध्येच, आणि शोधणाऱ्यांत पुन्हा फॉन्झी आणि अर्विन! कॅन्डिडा तंतूंच्या रूपात वाढू लागली की हे जनुक जोरात चालू होतं. ते काढून पाहिलं, पण यीस्टच्या आकारात काही फरक पडला नाही. प्रश्न आकाराचा होता, उत्तर ‘काही नाही’ आलं, आणि फाइल बाजूला पडली.

२०१६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले मॉइस आणि नॅग्लिक, येनाचे ह्युबे आणि सहकारी यांनी ‘नेचर’मध्ये ते कोडं सोडवलं. केक्स-२ हे ईसीई-१ च्या प्रथिनाचे आठ तुकडे करतं. त्यातला तिसरा तुकडा, जेमतेम एकतीस अमिनो आम्लांचा, आपल्या पेशींच्या पडद्याला भोकं पाडतो. त्याचं नाव ठेवलं कॅन्डिडालायसिन. माणसाला रोग देणाऱ्या बुरशीत सापडलेलं हे अशा प्रकारचं पहिलं पेप्टाइड विष. ते नसलेली यीस्ट पटलात शिरते, पण नासधूस करत नाही.

माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात सुंदर गोष्ट लेखकांच्या नावांत आहे. १९९१ मध्ये सॅपचा क्रम प्रसिद्ध करणारे ह्युबे. २००३ मध्ये सॅपच्या गुन्हेगारीवर जाडजूड आढावा लिहिणारे नॅग्लिक आणि ह्युबे. आणि २०१६ मध्ये खरं हत्यार दाखवणारे पुन्हा तेच. ज्यांनी आरोपपत्र लिहिलं, तेच खऱ्या हत्यारापर्यंत पोहोचले. स्वतःच्या जुन्या कामाला इतकं धरून न बसणं आमच्या कोड रिव्ह्यूमध्येही क्वचित दिसतं.

मग सॅप संन्याशीच का?

अगदी तसंही नाही. सॅप आपल्या रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ या संरक्षक प्रथिनांना कापतात, म्हणजे पहारेकऱ्याची काठी मोडतात. काही सॅप शरीरात दाह पेटवतात, विशेषतः योनीमार्गाच्या संसर्गात यावर बरंच काम झालंय. आणि जिथे खायला फक्त प्रथिन आहे, तिथे सॅप-२ शिवाय यीस्ट उपाशी मरते. श्टाइबनं १९६५ मध्ये जे पाहिलं, ते शंभर टक्के खरं होतं. त्यानं कात्रीला जेवताना पाहिलं होतं. खाण्याचं साधन आणि मारण्याचं साधन एकच असेल, हा अंदाज मात्र नंतर त्यावर चढवला गेला.

घटनास्थळी हजर असणं आणि गुन्हा करणं यातलं अंतर कापायला इथे इतकी वर्षं गेली. त्यात कुणी आळशी नव्हतं, कुणी लबाडही नव्हतं. त्यांच्या हातातलं साधनच थोडंसं वाकडं होतं, आणि ईसीई-१ ला विचारलेला प्रश्न वेगळा होता. पुढच्या वेळी ‘अमुक एन्झाइम अमुक रोगाचं कारण’ अशी बातमी वाचाल, तेव्हा दोन गोष्टी विचारा. ते काढून पाहिलंय का? आणि काढताना दुसरं काही हललं नाही ना?

आजच्यासाठी इतकंच. बायोवाल्या मित्रांनो, कुठे घसरलो असेन तर हक्कानं कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!